सोपे आणि सवंग

गेल्या श्रावणात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी सत्यनारायणाच्या निमित्ताने मंडळी जमली होती. तीर्थप्रसाद झाला, पाने उठली, आणि दिवाणखान्यातील पियानोकडे सर्वांचे लक्ष गेले. स्नेह्यांची कन्या तेरा वर्षांची. पियानोची पाचव्या श्रेणीची परीक्षा ती नुकतीच विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झालेली, आणि विलायतेहून आलेले प्रमाणपत्र चौकटीत बसवून पियानोच्या वरच भिंतीवर लावलेले. तेव्हा 'काहीतरी वाजवून दाखव' असा आग्रह होणे ओघानेच आले. मुलगी बसली खरी, पण हात पट्ट्यांवर ठेवण्याऐवजी आईच्या तोंडाकडे पाहू लागली. चौकशी करता उलगडा झाला तो असा : पाचवीच्या तीन रचना परीक्षेनंतर सुटल्या त्या सुटल्याच, आणि सहावीच्या तीन अद्याप बसलेल्या नाहीत. शेवटी आईच्या सांगण्यावरून तिने बेथोवनच्या 'फ्युर एलिझे'चे पहिले पान वाजवले आणि पान संपले तेथे ती थांबली. मंडळींनी टाळ्या दिल्या. सहा वर्षांचे शिक्षण, आणि गाठीला एक पान!

या मुलीचा यात काडीचाही दोष नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. तिचा हात गोड आहे, लय पक्की आहे. दोष आहे तो तिच्यासाठी रचना निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांचा, आणि त्यांच्या डोक्यात घर करून बसलेल्या एका समजुतीचा. ती समजूत अशी की, सोपे ते हलके. आणि हलके ते वेळेचा अपव्यय. त्या दिवशी कॉफीच्या पेल्यावरून आमच्या स्नेह्यांशी जो वाद झाला, तो त्यांच्या घरापुरता मर्यादित असता तर आम्ही तो या पृष्ठांवर आणला नसता. परंतु लष्करापासून कोथरुड-औंधापर्यंत ज्या ज्या घरांत हल्ली पियानो किंवा त्याचा विजेवर चालणारा धाकटा भाऊ येऊन बसला आहे, त्यांपैकी आमच्या परिचयाच्या बहुतेक घरांत हीच कथा आहे. आणि तिचा शेवटही बहुधा एकच असतो. दहावीचे वर्ष आले की झाकण बंद होते आणि त्यावर कौटुंबिक छायाचित्रे मांडली जातात.

प्रथम परीक्षांविषयी दोन शब्द. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजाची स्थापना 1872 ची, असोसिएटेड बोर्डाची 1889 ची. या मंडळांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा म्हणजे आपल्याकडील पियानोशिक्षणाचा कणाच होऊन बसल्या आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. शिस्त, स्वरलेखन पाहताक्षणी वाजवण्याची सवय, कानाची तयारी, या गोष्टी या परीक्षांनी रुजवल्या हे मान्य केलेच पाहिजे. असोसिएटेड बोर्डाच्या प्रचलित प्रात्यक्षिक परीक्षेत 150 गुणांपैकी 90 गुण तीन रचनांचे असतात; त्या तीन रचना ज्या यादीतून निवडायच्या, तीत पर्यायांची उणीव नसते. म्हणजे मंडळ म्हणते, या एवढ्यांतून तीन आम्हांस ऐकवा. आम्ही त्याचा अर्थ असा करतो की, वर्षभरात तीनच शिकवा! महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता आमचे केस पांढरे झाले. शेक्सपिअरचे नाटक न उघडता नवनीतांच्या आणि मार्गदर्शकांच्या बळावर प्रथम वर्गात येणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण त्या विद्यार्थ्यांनाही निदान ठाऊक असते की आपण नाटक वाचलेले नाही. पियानोच्या विद्यार्थ्याला मात्र आपण संगीत शिकलो असे प्रामाणिकपणे वाटत असते.

आमच्या गायनाच्या परंपरेशी हे ताडून पाहावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत 'मध्यमा' ही पायरी आहे. नाव किती समर्पक! प्रवेशिका ओलांडली, विशारद अजून दूर. या पायरीवरचा विद्यार्थी वर्षाकाठी तीन बंदिशी पाठ करून आला, तर कोणताही गुरू त्यास घरी पाठवील. पंडित भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग सिद्ध केले त्यांत एकेका रागाखाली एकामागून एक बंदिशी दिल्या आहेत, त्या उगाच नव्हेत. एकाच यमनाकडे दहा दारांनी शिरल्यावाचून यमन कळत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे. आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, छोटा ख्याल हा बड्या ख्यालाचा संक्षेप नव्हे. त्याची लय निराळी, चाल निराळी, मौज निराळी. मध्यमेच्या विद्यार्थ्यास मुख्यत्वे छोटे ख्याल दिले म्हणून त्यास दुय्यम प्रतीचे संगीत दिले असे कोणी म्हणत नाही. आणि मैफलीत तेच छोटे ख्याल थोर गवई गातात तेव्हा कोणी उठून जात नाही.

हेच पश्चिमेच्या संगीतातही खरे आहे, आणि हेच आमच्या स्नेह्यांस पटवून देणे कठीण गेले. त्यांचे म्हणणे असे : 'सोपे वाजवून मुलगी पुढे कशी जाणार? मोठ्यांचे मोठेच द्यावे, दोन वर्षे लागली तरी चालतील.' त्यांच्याच शेजारी बसलेले दुसरे एक गृहस्थ नेमके उलट टोकाचे. ते म्हणाले, 'मोठ्यांचे मोठेच द्या, पण सोपे करून द्या. बाजारात पुस्तके आहेत.' वरवर पाहता या दोघांत विरोध दिसतो. वस्तुतः दोघेही एकाच रोगाचे रोगी आहेत. दोघांनाही रचना नको आहे, रचनेचे नाव हवे आहे.

नावाचीच गोष्ट निघाली म्हणून 'मूनलाइट'चे उदाहरण घेऊ. बेथोवनने 1801 साली रचलेल्या या सोनाटास त्याने चांदण्याचे नाव दिलेले नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाब नावाच्या टीकाकाराच्या एका उपमेवरून चिकटले. त्याचा पहिला भाग संथ आहे, स्वर मोजके आहेत. म्हणून तो सोपा असा समज. प्रत्यक्षात उजव्या हाताच्या दुबळ्या करंगळीने वरची चाल गायची, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी खालचे तीन-तीन स्वरांचे झुलते पाणी तिला बुडवणार नाही इतक्या हलकेपणाने वाहते ठेवायचे, हे काम भल्याभल्यांस साधत नाही. सोप्या आवृत्तीचे संपादक काय करतात? चार तीव्र स्वरांची मूळ पट्टी बदलून पांढरी करून टाकतात, मधले स्वर गाळतात, चाल तेवढी ठेवतात. उरते काय? त्या रचनेत चाल म्हणावी अशी फारशी नाहीच. जे काही आहे ते मधल्या हेलकाव्यात आणि स्वरमेळाच्या बदलत्या रंगांत आहे. ते काढून घेतल्यावर जे हाती येते त्याला बेथोवनचे नाव देणे म्हणजे उसाच्या चिपाडाला रस म्हणणे होय.

'फ्युर एलिझे'ची गत वेगळी आहे. तिचे पहिले पान सोपे आणि अस्सल आहे. 1810 च्या एप्रिलची तारीख असलेली ही रचना बेथोवनच्या हयातीत छापलीच गेली नाही, ती 1867 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु तीत पुढे दोन निराळे भाग येतात : एक चपळ, बोटांची परीक्षा पाहणारा, दुसरा असा की डाव्या हाताचा एकच मंद्र स्वर दारावरच्या थापेसारखा वाजत राहतो आणि वर स्वरमेळ काळवंडत जातात. या दोन भागांनंतर पहिली चाल परत येते तेव्हा ती तीच राहिलेली नसते. पहिल्या पानावर थांबणाऱ्यास हे कधीच कळत नाही. अस्ताई गावी आणि अंतऱ्याला हात लावू नये, असा हा प्रकार आहे. ज्या विद्यार्थ्याचा हात दुसऱ्या पानास पोचलेला नाही, त्यास पहिलेही पान देण्याची घाई का?

सोपी करून दिलेली रचना आणि मुळातच सोपी रचना, यांतील भेद ध्यानात न घेतल्याने हा सारा घोटाळा झाला आहे. (रूपांतरे सरसकट टाकाऊ असे आम्ही म्हणत नाही. लिस्टने बेथोवनच्या नऊही सिंफनी पियानोवर उतरवल्या. पण तो लिस्ट होता. चार्ल्स आणि मेरी लँब यांनी 1807 साली शेक्सपिअरच्या कथा मुलांसाठी लिहिल्या, त्या स्वतंत्र वाङ्मय म्हणून टिकल्या. पण ती लँब भावंडे होती.) थोर रचनाकारांनी शिकणाऱ्या हातांसाठी मुद्दाम जे लिहिले, ते इतके विपुल आणि इतके उत्तम आहे की त्याकडे पाठ फिरवून चिपाडे चघळण्याचे कारण काय, हे आम्हांस खरोखर कळत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आम्ही या वादात पक्षकार आहोत. चाळिशी उलटल्यावर आम्ही पियानो शिकू लागलो, आणि गेली दहा-बारा वर्षे मध्यम पायरीवर मुक्काम ठोकून आहोत. पुढे सरकण्याची आशा आता आम्हांस नाही, आणि आमच्या बाईंसही नाही. या बाई लष्करातील एक वृद्ध गोमंतकीय शिक्षिका. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून मुलांस स्वरलेखन शिकवण्याची जी जुनी परंपरा आहे, तिच्यात त्या वाढलेल्या. पहिल्या वर्षीच आम्ही 'मूनलाइट'चा हट्ट धरला तेव्हा त्यांनी काही न बोलता योहान सेबास्टियन बाख याने पत्नी आना माग्दालेना हिला 1725 साली दिलेल्या वहीतील जी स्वराचा मिन्युएट पुढे ठेवला. 'हे तर लहान मुलांचे,' असे आम्ही काहीसे नाराजीने म्हणालो. बाईंनी तो सावकाश वाजवला, मग पुस्तक मिटून विचारले की, उजवा हात खाली उतरत होता तेव्हा डावा काय करत होता? आम्हांस सांगता आले नाही. साहित्याचा प्राध्यापक, एका वेळी दोन वाक्ये ऐकू शकत नव्हता! तो मिन्युएट आम्हांस सहा आठवडे पुरला. पुढे कळले की तो बाखचा नव्हेच. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा, आणि हे संशोधकांच्या ध्यानात 1970 नंतर आले. बाखच्या नावावर जग ज्यावर मोहित होते, ती रचना नाव बदलल्याने एका स्वरानेही कमी झाली नाही. नावाच्या भक्तांनी यावर विचार करावा.

बाखने स्वतः आपल्या थोरल्या मुलासाठी ज्या रचनांचा संग्रह केला, त्यांतून पुढे 1723 साली पंधरा 'इन्व्हेन्शन' सिद्ध झाल्या. दोनच ओळी, दोन्ही हात बरोबरीचे. डावा हात उजव्याचा चाकर नव्हे. हेतू त्याने स्वतःच नोंदवला आहे : दोन ओळी स्वच्छ वाजवता याव्यात, वाजवणे गाण्यासारखे व्हावे, आणि रचना कशी होते याची चव कळावी. शूमानचे पहा. 1848 साली थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी म्हणून त्याने काही तुकडे लिहिले आणि त्यांतून त्रेचाळीस रचनांचा 'तरुणांसाठीचा संग्रह' झाला. त्यातील 'आनंदी शेतकरी'त चाल डाव्या हातात आहे. उजव्याने मागे राहून साथ करायची. उजव्या हाताचा अहंकार उतरवण्याचा याहून गोड उपाय आम्हांस ठाऊक नाही. 'पहिला वियोग' नावाचा एक पाऊण पानाचा तुकडा आहे, तो नीट वाजवणारे मूल आम्ही एकदाच ऐकले आणि तो प्रसंग विसरलो नाही. तीन रचनांस तर शूमानने नावच दिले नाही, माथ्यावर केवळ चांदण्या छापल्या. नाव वाजवणाऱ्याने मनात ठेवावे. याच शूमानने विद्यार्थ्यांसाठी काही सूचना लिहून ठेवल्या आहेत. अवघड रचना कशीबशी वाजवण्यापेक्षा सोपी रचना सुंदर वाजवावी, असा त्यांतील एकीचा आशय आहे. आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, 'तो जुना काळ होता.' जणू हल्लीच्या मुलींस बोटे अधिक फुटली आहेत!

बोटांवरून आठवले. पियानोचे सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंद असते. आमच्याकडील तेरा वर्षांच्या मुलीचा पंजा त्यावर जेमतेम ताणला जातो. त्या ताणात ठेवून तिच्याकडून मोठमोठे स्वरमेळ वाजवून घेणे हे शिक्षण नव्हे. योझेफ हॉफमन हा केवढा पियानोवादक, पण हात लहान. त्याच्यासाठी स्टाइनवे यांनी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. आमच्या मुलींसाठी कोणी बनवत नाही. तेव्हा रचना तरी हात पाहून निवडावी. शोपँच्या चोवीस प्रेल्यूडांपैकी सातवे घ्या : आमच्या भाषेत बोलायचे तर सोळा आवर्तनांचे, मिनिटाभरात संपणारे. पण बाराव्या आवर्तनात एक विस्तीर्ण स्वरमेळ येतो, तो लहान हाताने खालून वर मोडूनच वाजवावा लागतो. तेथे शिक्षकाने आधीच तोड सांगावी. चौथ्यात ती अडचण नाही. तेथे उजवा हात शेजारच्या दोन स्वरांवर रेंगाळत राहतो आणि खालचे स्वरमेळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खचत जातात. शोपँच्या अंत्यविधीत 1849 साली हेच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवले गेले. पाचव्या श्रेणीचा हात ते वाजवू शकतो. याहून 'मोठे' ते काय हवे?

बेथोवनच पाहिजे असेल तर त्याचे 49 क्रमांकाखालचे दोन लहान सोनाटे आहेत. क्लेमेंटीचे 36 क्रमांकाचे सहा सोनाटिने 1797 पासून मुलांच्या हातांस शहाणपण शिकवीत आले आहेत. चायकोव्हस्कीने 1878 साली भाच्यासाठी चोवीस तुकड्यांचा संग्रह लिहिला. त्यात बाहुली आजारी पडते, मरते, तिला पुरतात, आणि पुढच्याच पानांत नवी बाहुली येते. मोझार्टने 1788 साली 'नवशिक्यांसाठी' म्हणून जो सोनाटा नोंदवला, त्याविषयी मात्र सावध राहावे. तो कागदावर सोपा आहे. पण तेथे लपायला जागाच नाही. एक स्वर जड पडला तरी पांढऱ्या धोतरावरच्या शाईच्या डागासारखा दिसतो.

आमचा एक भाचा होता, म्हणजे आहे, पण पियानोपुरता होता असेच म्हटले पाहिजे. त्यास अकराव्या वर्षी कोणा शिक्षकाने एका भारी सोनाटाचा एक भाग दिला, आणि आठ महिने तोच. अडीच पाने तो वाजवू शकत होता; तिसऱ्या पानाच्या मध्यावर दररोज त्याच जागी गाडी रुळावरून उतरे. आठ महिने एखाद्या मुलास दररोज अर्धा तास आपण नालायक आहोत असे सिद्ध करून दाखवायला लावणे, याला आमच्या लेखी दुसरे नाव नाही. त्या काळात तो पंधरा-वीस लहान रचना सहज वाजवू शकला असता. मध्यम पायरीवरील विद्यार्थ्यास तीन-चार आठवड्यांत जी हाती येते तीच त्याची रचना, असे आम्ही मानतो. वर्षात एखादीच अशी असावी की जिच्यासाठी दम खावा लागेल. आणि जुनी रचना नवी आली म्हणून सुटता कामा नये; पाच-सहा तरी सदैव हातात असाव्यात, पाहुणे येवोत वा न येवोत.

राहता राहिला तिसरा आक्षेप, तो सत्यनारायणाच्या दिवशी कोणी घेतला नाही, पण या मासिकाचे वाचक घेतील. 'हे सगळे परके कशाला? मुलांस चित्रपटातील गाणी वाजवू द्या, ती त्यांस कळतात.' या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरस्कार करणाऱ्यांनीच तो वाया घालवला आहे. ज्या चालीचा जीव मींडेत आहे ती पियानोवर नेली तर तिचा सांगाडा तेवढा पोचतो. पट्टीच्या वाद्याला मींड नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते. गोविंदराव टेंब्यांनी त्याच वाद्यावर जे करून दाखवले, ते वाद्याची मर्यादा ओळखून केले, तिच्याकडे डोळेझाक करून नव्हे. परंतु पियानोवर आपल्या चाली येऊच शकत नाहीत, असे नाही. बेला बार्टोक कोदाईच्या जोडीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन हंगेरीच्या खेड्यांतून फिरला, शेतकऱ्यांची गाणी त्याने टिपली, आणि 1908-09 मध्ये त्यांवर मुलांसाठी पंचाऐंशी छोट्या रचना लिहिल्या. चाल जशीच्या तशी. डाव्या हाताला आधार बेताचा, पण विचार करून दिलेला. लोकगीताचे चरण आखूड, स्वर पाच-सहाच. म्हणून त्या सोप्या झाल्या, सोप्या केल्या म्हणून नव्हे.

आता आपल्या पुण्याकडे पाहा. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी येथे राहून खेड्यापाड्यांतील बायांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कित्येकींचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. ओवीची चाल चार-पाच स्वरांत फिरते, जात्याच्या फेऱ्याबरोबर परत येते, आणि मुलाच्या हाताच्या आवाक्यात सहज बसते. तीत डावा हात काय करील, जात्याची घरघर धरील की दुसरी बाई होऊन ओवी उचलील, याचा विचार करणारा एखादा रचनाकार या शहरात निघाला, तर त्याच्या बारा पानांच्या वहीसाठी आम्ही 'स्वदेशी'वाल्यांचे पुढारीपण पत्करू. तोवर 'सोप्या पियानोवर लोकप्रिय गीते' या मथळ्याची पुस्तके आमच्यापुढे नाचवू नयेत.

स्नेह्यांची कन्या सध्या सहाव्या श्रेणीच्या तयारीत आहे. आम्ही आमची पेट्झोल्डची प्रत तिच्या आईच्या हवाली केली आहे. त्या मिन्युएटच्या जोडीला त्याच वहीत दुसरा एक आहे, जी स्वराचाच पण कोमल गांधाराचा. वडिलांनी प्रत उलटून पाहिली आणि विचारले, 'हे कोणत्या श्रेणीला चालते?' आम्ही म्हणालो, कोणत्याही नाही. पुस्तक अजून परत आलेले नाही.